जमलं, धन्यवाद

इंटरनेटवरच्या एका चर्चामंचावर एक जुना धागा आहे, म्हणजे एक प्रश्न आणि त्याखालची उत्तरं. कुणीतरी विचारलंय: शिलाई मशीनवर वरून टाका सरळ, एकसारखा दिसतो, पण कापड उलटं केलं की खाली धाग्याचं जाळं. वीतभर शिवलं की मशीन गच्च होतं आणि कापड कात्रीने सोडवावं लागतं. बॉबिन, म्हणजे खालच्या धाग्याचं छोटं रीळ, बदलून पाहिली, ती बसते ती बॉबिन केस नवी आणली, काही फरक नाही. त्याखाली अकरा उत्तरं. एकाने तेल घालायला सांगितलं, एकाने सुई बदलायला, एकाने तर 'हुकचं टायमिंग गेलंय, स्क्रू ढिला करून जुळवा' असं ठासून लिहिलं. एका बाईंनी शिवलेल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. ते आले. मग त्यांनी विचारलं, 'वरचा धागा ओवता तेव्हा फूट वर उचललेला असतो की खाली टेकलेला?' (फूट म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा मशीनचा पाय.) या प्रश्नाला उत्तर नाही. पाच दिवस शांतता. आणि शेवटी मूळ विचारणाऱ्याचा निरोप: 'जमलं. सगळ्यांना धन्यवाद!'

एवढंच.

निरोप सभ्य आहे, त्यात आनंद आहे. आभार मानायला तो माणूस परत आला हेही कमी नाही, पुष्कळ जण तेवढंही करत नाहीत. तरीही ते तीन शब्द पायात मोडलेल्या काट्यासारखे सलत राहतात. त्याखाली पुढच्या काही वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी लिहून ठेवलंय. 'नक्की काय केलंत?' 'माझंही अगदी असंच होतंय, कृपया सांगा ना.' एकाने तर नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय. त्या प्रश्नचिन्हामागचं चित्र डोळ्यांसमोर येतं: रात्र झालेली, मशीनवर अर्धवट शिवलेलं काहीतरी, सुईखाली अडकलेला गोळा, आणि एका हातात फोन. शोधताना आपल्या दुखण्याचं हुबेहूब वर्णन सापडलं म्हणून आशेने खाली खाली येत गेलेलं बोट 'जमलं'पाशी येऊन थांबतं. वाटेवर पाटी आहे, पण पाटीवरचा बाण कुणी काढलाच नाही.

त्या बाईंचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण मशीन आतून कसं चालतं हे माहीत असलेलाच माणूस तो विचारू शकतो. मशीनचा टाका दोन धाग्यांचा असतो. सुई वरचा धागा घेऊन कापडातून खाली जाते, तळाला पोचते आणि दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली जाते. तेवढ्यात तिच्या मागे धाग्याचा छोटासा फुगवटा तयार होतो. हुक म्हणजे बॉबिनभोवती फिरणारा आकडा, त्याचं टोक नेमकं त्या क्षणी येऊन (या मेळालाच टायमिंग म्हणतात) तो फुगवटा पकडतं, त्याचा फास मोठा करत बॉबिनभोवती फिरवतं आणि सोडून देतं. आता हा सैल फास वर ओढून घ्यायचं काम टेक-अप लिव्हरचं, म्हणजे मशीनच्या तोंडाशी सारखी वरखाली होणारी ती दांडी. ती वर जाते तेव्हा तिला धागा दोन ठिकाणांहून मिळू शकतो: खालच्या फासातून किंवा मागच्या रिळातून. टेन्शनच्या, म्हणजे वरच्या धाग्यावर ताण ठेवणाऱ्या, चकत्यांनी धागा आवळून धरलेला असेल तर रिळाकडची वाट बंद असते, मग दांडी फासच वर ओढते आणि टाका कापडाच्या पोटात नीट बसतो. चकत्यांनी धागा धरलाच नसेल तर रिळातून तो सुखासुखी सुटत राहतो, फास खाली तसाच लोंबकळतो, आणि दर टाक्याला त्याच्यावर आणखी एक फास येऊन साठतो. चकत्या धागा कधी धरत नाहीत? फूट खाली टेकवून ओवला तर. फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, कडेवरून निसटतो. फूट उचलला की त्या उघडतात, धागा आत जातो, आणि फूट टेकवल्यावर त्या त्याला आवळतात.

म्हणजे गुंता खाली दिसतो आणि दोष वर असतो. बिचारी बॉबिन उगाच बदलली जाते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

समान आवड असलेल्या अनोळखी माणसांनी एकत्र जमण्याचं मोल इथे कळतं. ज्याचं मशीन अडलंय त्याने हा गुंता आयुष्यात पहिल्यांदा पाहिलाय. त्याला जिथे दिसतं तिथलंच तो विचारणार. वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी तोच गुंता पन्नासदा पाहिलेला असतो, आणि 'वरून टाका ठीक, खाली जाळं' हे शब्द वाचताच त्याचा हात मनातल्या मनात फुटाच्या लिव्हरकडे जातो. पुस्तकात ही माहिती नसते असं नाही. मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत 'धागा ओवण्यापूर्वी फूट वर करा' हे वाक्य बहुधा असतंच. पण ते 'धागा ओवणे' या प्रकरणात असतं आणि अडलेला माणूस 'बॉबिन' हे प्रकरण उघडून बसलेला असतो. लक्षणापासून कारणापर्यंतचा रस्ता पुस्तिकेत नसतो, तो आधी त्याच खड्ड्यात पडलेल्या माणसांना ठाऊक असतो.

हा रस्ता लिहून ठेवायची धडपड जुनी आहे. युजनेटची कल्पना १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मांडली आणि पुढच्या वर्षी ते सुरू झालं. एकेका विषयाचा एकेक गट, जगभरच्या संगणकांवरून एकमेकांकडे फिरणारे निरोप. तेव्हा साठवणीची जागा इतकी तोकडी की काही दिवसांत किंवा आठवड्यांत निरोप सर्व्हरवरून पुसले जायचे. नवा माणूस यायचा आणि मागच्याच महिन्यात सविस्तर उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा विचारायचा, कारण त्याच्यासाठी ते उत्तर अस्तित्वातच नसायचं. यातूनच 'नेहमीचे प्रश्न' एकत्र करून ठराविक काळाने पुन्हा पुन्हा टाकायची पद्धत रुळली. कुणीतरी ती यादी सांभाळायचं, चुका दुरुस्त करायचं, नवी भर घालायचं, आणि दर महिन्याला तीच भली मोठी फाइल गटात टाकायचं. पगार नाही, नाव नाही. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुलं यायची, गोंधळ घालायची, महिन्याभरात रीत शिकायची. १९९३ नंतर घरोघरचे लोक येऊ लागले आणि शिकवणाऱ्यांपेक्षा शिकायला येणारे कायमचे जास्त झाले. जुनी मंडळी त्याला कधी न संपणारा सप्टेंबर म्हणू लागली. त्या शब्दांतला वैताग समजतो. पण प्रत्येक जाणता कधीतरी सप्टेंबरातच आलेला असतो.

विचारणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती कुणी मुद्दाम शिकवत नाही. चांगल्या प्रश्नात चार गोष्टी लागतात: काय करायचं होतं, प्रत्यक्षात काय झालं, काय काय करून पाहिलं आणि त्या प्रत्येकाने काय फरक पडला, आणि हे सुरू व्हायच्या आधी शेवटचा बदल कोणता झाला होता. चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची आणि नेमकी तीच गळते. 'कालपर्यंत छान चालत होतं, काहीच बदललं नाही,' असं माणूस मनापासून लिहितो. मग तीन निरोपांनंतर कळतं की काल नवं रीळ लावलं होतं, आणि ते लावताना धागा पुन्हा ओवला होता. संगणकाच्या प्रोग्रॅमचंही असंच. 'एरर येतो' म्हटल्याने कुणालाच काही कळत नाही. एरर जसाच्या तसा, शब्दन् शब्द उतरवून द्यावा, आवृत्ती सांगावी, आणि हजार ओळींचा पसारा टाकण्याऐवजी तोच बिघाड दाखवणारा लहानात लहान तुकडा करून द्यावा. दहा-पंधरा ओळींचा. तो तुकडा करायला अर्धा तास जातो, आणि पुष्कळदा छाटता छाटता विचारणाऱ्यालाच दोष सापडतो. तेव्हा प्रश्न न पाठवता खिडकी बंद करायचा मोह होतो. पण तसाच पाठवावा, खाली उत्तरही लिहून.

फोटोंचं सांगायचं तर अंधूक, हललेला, फ्लॅश मारलेला एक फोटो पाहून कुणीही काही सांगू शकत नाही. टाका दाखवायचा असेल तर फ्लॅश बंद करून उजेड एका बाजूने तिरपा पडू द्यावा, म्हणजे धाग्याची उंचसखलता सावलीत उमटते. शेजारी मोजपट्टी ठेवावी. दोन्ही धागे सारख्या जाडीचे पण वेगळ्या रंगाचे घ्यावेत, वर लाल आणि खाली पांढरा, आणि पट्टीच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात. खालच्या बाजूला लाल ठिपके उमटले तर वरचं टेन्शन कमी पडतंय. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचं जास्त घट्ट आहे किंवा खालचं सैल. लालाचे ठिपके नसून लांबच लांब फासच लोंबत असतील तर टेन्शनच्या बटणाला हातही लावू नये, धागा चकत्यांमध्ये गेलेलाच नाही. हे सगळं एकाच पांढऱ्या धाग्यात घडलं की फोटोत नुसता पांढरा चिखल दिसतो. झाड ओळखून हवं असेल तर फुलाचा एक सुंदर फोटो पुरत नाही. पानाच्या दोन्ही बाजू, देठापाशी पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते, फूल समोरून आणि कडेने, शिवाय अख्खं झाड असं सगळं लागतं. अळंबी असेल तर छत्रीच्या खालची बाजू आणि बुडखा. ज्याला ओळखता येतं तो नेमकं तिथेच बघतो, आणि विचारणारा नेमकं तिथेच बघत नाही.

उत्तर देणाऱ्यांतही फरक असतो. त्या अकरा उत्तरांतलं टायमिंगवालं उत्तर सगळ्यात जाणकाराचं वाटतं. त्यात तांत्रिक शब्द आहे, ठामपणा आहे. पण नवख्या माणसाने ते ऐकून हुकचा स्क्रू ढिला केला की मूळ दोष तसाच राहतो आणि टायमिंग आता खरोखरच जातं. एका बिघाडाचे दोन झाले, आणि यापुढे तो जी लक्षणं सांगेल ती दोन्हींची मिसळलेली असतील. अनुभवी माणसं म्हणून आधी ते सांगतात जे करायला काही लागत नाही आणि जे परत फिरवता येतं. फूट वर करून वरचा धागा पूर्ण काढून पुन्हा ओवणे. नवी सुई. सुईखालची प्लेट काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दातांमधला कापसाचा थर ब्रशने झाडणे, फुंकर न मारता, कारण फुंकरीने तो आणखी आत जातो. बॉबिनमधून धागा पुस्तिकेत दाखवलेल्या दिशेनेच सुटतोय का ते पाहणे. मग वरचं टेन्शन, मग बॉबिन केसचा स्क्रू, आणि अगदी शेवटी टायमिंग. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच कापडाच्या तुकड्यावर वीतभर शिवून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलून जमलं तर कशामुळे जमलं ते कधीच कळत नाही. कदाचित त्या माणसाचं असंच झालं असेल. अकरा जणांचं ऐकून त्याने सगळंच करून टाकलं असेल, आणि लिहिण्याजोगं त्याच्यापाशी 'जमलं' एवढंच उरलं असेल.

सुईच्या एका लहानशा नियमाची गोष्ट इथे आठवते. घरगुती मशीनच्या सुईची मान एका बाजूने चपटी असते, आणि 'चपटी बाजू मागे' असं उत्तर ठिकठिकाणी वाचायला मिळतं. बहुतेक मशीनना ते लागू पडतं. पण काही जुन्या मशीनमध्ये धागा समोरून न ओवता कडेने ओवतात आणि तिथे चपटी बाजूही कडेला येते. असं मशीन असलेला माणूस हे उत्तर वाचून सुई उलटसुलट बसवायचा प्रयत्न करत राहतो, आणि टाके सुटतच राहतात. एखादा जाणता मात्र असं लिहितो: सुईला एका अंगाला नेढ्यापर्यंत उतरत गेलेली लांब खाच असते आणि दुसऱ्या अंगाला नेढ्याच्या जरा वर खोलगट भाग असतो. खाली जाताना धागा त्या खाचेत दडतो, म्हणून ज्या बाजूने ओवायचं त्या बाजूला खाच. खोलगट भागातून हुकचं टोक सुईला न घासता जातं, म्हणून तो हुकच्या बाजूला. हे उत्तर तीन ओळींनी लांब आहे, पण ज्या मशीनची लिहिणाऱ्याला कल्पनाही नव्हती त्या मशीनलाही ते लागू पडतं. कारण सांगायला लागणारी ती जास्तीची दोन मिनिटं म्हणजेच खरी देवघेव आहे असं मला वाटतं. नुसता तोडगा ज्याचा त्याच्यापुरता राहतो.

काही गोष्टी मात्र शब्दांत मावत नाहीत. सुटी निघणारी धातूची बॉबिन केस असेल तर तिचं टेन्शन तपासायची एक पद्धत आहे: केसमध्ये बॉबिन घालून धागा बाहेर काढायचा, केस धाग्यावर टांगायची आणि हाताला हलका झटका द्यायचा. केस एक-दोन इंच खाली सरकून थांबली तर बरोबर. हललीच नाही तर घट्ट. सरसर जमिनीपर्यंत गेली तर सैल. वाचायला सोपं आहे. पण हलका म्हणजे किती? पाणी झटकतो तसा, की झोपलेल्या बाळाला थोपटतो तसा? यावर जो तो आपापल्या हाताचं सांगतो आणि दोन शहाणी माणसं शंभर निरोप भांडू शकतात. सहा सेकंदांच्या चित्रफितीने ते भांडण मिटतं. स्क्रू किती फिरवायचा याचं असंच कोडं. 'किंचित' हा शब्द इथे घातक आहे. म्हणून मुरलेली माणसं स्क्रूची खाच म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा समजतात आणि 'पाच मिनिटं फिरवा' असं सांगतात. फिरवायच्या आधी खाचेचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे चुकलं तर परत यायची वाट राहते. समोरासमोर नसलेल्या माणसांनी हाताचं ज्ञान एकमेकांना द्यायला शोधलेली ही मापं आहेत, आणि मला ती फार लोभस वाटतात.

हाताच्या ज्ञानाची ही अडचण प्रयोगशाळांतही निघते. हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये एका निबंधात दाखवलं की एका नव्या प्रकारचा वायू-लेझर बांधू पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या प्रयोगशाळांपैकी एकीलाही नुसत्या छापील मजकुरावरून तो चालवता आला नाही. ज्यांना जमलं, त्या सगळ्यांचा आधी तो बांधलेल्या कुणाशी तरी संपर्क होता, भेटीचा किंवा फोनवरचा. छापलेलं खोटं नव्हतं. त्यात जे नव्हतं ते कुणी लपवलंही नव्हतं. काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत हे बांधणाऱ्यालाच माहीत नव्हतं, त्याच्या हातून त्या आपोआप बरोबर होत होत्या. अनोळखी लोकांच्या समूहात मागे-पुढे, मागे-पुढे चालणारे प्रश्न हेच काम करतात. 'फूट वर होता की खाली?' हा प्रश्न कुणी विचारेपर्यंत फूट ही लिहिण्याजोगी गोष्ट आहे हे त्या माणसाला सुचणारच नव्हतं.

चुकीच्या उत्तरांची भीती सगळ्यांनाच असते, आणि ती खरी आहे. १९९५ मध्ये पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच दुरुस्त करता येणारं संकेतस्थळ, सुरू करणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावाने एक वचन सांगतात: बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर लिहा. त्यात तथ्य आहे. प्रश्नापाशी न थांबणारा जाणता चुकीपाशी हमखास थांबतो. पण दुरुस्ती करणारा जागा असेल तरच हे चालतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणांच्या संकेतस्थळावर जीवजातींची नोंद पक्की धरायला निदान दोन जणांची ओळख लागते आणि दोन-तृतीयांशांहून जास्त एकमत लागतं, शिवाय तारीख, ठिकाण आणि फोटो किंवा आवाज. व्यवस्था चांगली आहे. तरी तिथेही एक फट राहते: कुणीतरी पक्षी ओळखून दिला की नोंद करणारा माणूस आभार म्हणून 'सहमत' दाबतो. त्याने स्वतः काहीच पडताळलेलं नसतं, पण मोजणीत त्याचं एक मत पडतं आणि चुकीची ओळखही पक्की ठरून जाते. हा आणि 'जमलं, धन्यवाद' हा, दोन्ही सौजन्याचेच प्रकार आहेत. दोन्हींत माणूस चांगला आहे आणि ज्ञान मात्र सांडतं.

याच्या उलटही घडतं. गॅलक्सी झू २००७ मध्ये सुरू झालं. दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांचे लाखो फोटो, आणि लोकांनी सांगायचं की ही सर्पिल आहे की लंबगोल. हॅनी व्हान आर्केल या नेदरलँड्समधल्या शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ निळसर डाग दिसला. तो कुठल्याच पर्यायात बसत नव्हता. सोडून देता आला असता, पण तिने इतरांना विचारलं की हे काय आहे. तज्ज्ञांनाही सांगता येईना. मग तिकडे मोठ्या दुर्बिणी वळल्या. शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशाने उजळलेला तो वायूचा प्रचंड ढग निघाला, आणि गाभा विझत गेला तरी ढग अजून चमकतोय. त्याला तिचंच नाव मिळालं. ज्याला शास्त्र येत नाही असा माणूस एखाद्या समूहात काय देऊ शकतो, याचं हे उत्तर आहे: नीट बघितलेलं, जसंच्या तसं सांगितलेलं एक निरीक्षण.

बहुतेक लोक मात्र लिहीतच नाहीत. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ढोबळ हिशेब असा की शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत लिहितो. त्या नव्वदांना फुकटे म्हणणं मला पटत नाही. वाचून ज्याने गुपचूप फूट वर केला आणि कापड पुरं केलं, त्याच्यासाठीच तर ते लिहिलेलं असतं. काळजी त्या एकाची वाटते. तोच प्रश्न शंभराव्यांदा आला की त्याचा धीर सुटतो आणि तो लिहून मोकळा होतो, 'शोधा, सापडेल.' मग वर्षभराने कुणीतरी शोधतं आणि शोधातून पहिला सापडतो तो हाच धागा, ज्यात लिहिलंय की शोधा. थकलेल्या माणसाने गप्प बसावं किंवा जुन्या उत्तराचा दुवा द्यावा. आणि नुसता दुवा देऊ नये, त्यातलं सार दोन ओळींत सोबत लिहावं, कारण दुवे मरतात.

ते मरतातच. याहू ग्रुप्स हे चर्चागट २००१ पासून चालू होते. कितीतरी छंदांची सगळी जमापुंजी तिथे होती, आणि १५ डिसेंबर २०२० ला ते कायमचे बंद झाले. त्याआधी २०१७ मध्ये फोटो साठवून ठेवणाऱ्या एका मोठ्या सेवेने नियम बदलले आणि जगभरच्या दुरुस्तीच्या धाग्यांमधली चित्रं अचानक करड्या चौकोनांत बदलली. 'खालच्या फोटोत दाखवलेला स्क्रू' असं वाक्य उरलं आणि खाली काहीच नाही. म्हणून फोटोत काय आहे ते शब्दांतही लिहावं: प्लेटच्या डाव्या हाताचा, दोनांपैकी लहान स्क्रू. काम झालेलं पान इंटरनेट आर्काइव्हवर, म्हणजे जुनी पानं जपणाऱ्या संकेतस्थळावर, साठवून ठेवावं, दोन क्लिकचं काम असतं. सध्याच्या गप्पांच्या गटांत उत्तर तीन मिनिटांत मिळतं, हे सुख मोठं आहे, पण संध्याकाळपर्यंत ते चारशे निरोपांखाली गाडलं जातं आणि गटाबाहेरच्या माणसाला तर ते शोधूनही मिळत नाही. तिथे काही सुटलं की कुणीतरी ते उचलून शोधता येईल अशा जागी नेऊन ठेवायला हवं. मथळा 'तातडीने मदत हवी' असा नको. अडलेला माणूस जे शब्द टाइप करेल तेच मथळ्यात हवेत: 'खाली धागा गोळा होतो, वरून टाका ठीक'.

त्या जुन्या धाग्याचा मथळा सुदैवाने जवळजवळ असाच आहे. म्हणूनच लोक तिथे येत राहिले. आणि त्या प्रश्नचिन्हाखाली, बऱ्याच काळाने, त्याच बाई परत आलेल्या दिसतात, ज्यांनी फुटाबद्दल विचारलं होतं. त्यांनी लिहिलंय: 'मूळ दादांचं कशामुळे जमलं ते मला ठाऊक नाही. पण इथे येणाऱ्यांनी आधी एवढं करून पाहा. फूट वर. सुई सगळ्यात वरच्या टोकाला, चाक आपल्याकडे फिरवून. मग रिळापासून पुन्हा ओवा. ओवून झालं की फूट वर असतानाच सुईपाशी धागा ओढा, सहज यायला हवा. आता फूट खाली टेकवा आणि पुन्हा ओढा. सुई वाकेल इतका धागा अडला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल आला तर धागा चकत्यांत नाही. स्क्रूला हात लावू नका. काय झालं ते इथे लिहा, मी बघते.'

त्याखाली अगदी अलीकडचा एक निरोप आहे. नाव नवीन, पहिलंच लिखाण.

'ताई, फूट खालीच ठेवून ओवत होतो, इतकी वर्षं. वर करून ओवल्यावर ओढून पाहिलं, तुम्ही म्हणता तसा धागा अडला. साधं सुती कापड दुहेरी, ९०/१४ ची नवी सुई, वर लाल आणि खाली पांढरा धागा, टाक्याची लांबी अडीच. वीतभर शिवलं, जाळं गेलं. खालच्या बाजूला सुरुवातीच्या तीन-चार टाक्यांवर लाल ठिपके अजून दिसतात, पुढे नाहीत. सुरुवात करताना दोन्ही धाग्यांची टोकं हातात धरली नव्हती, त्यामुळे असेल का? उद्या धरून बघतो आणि लिहितो. दोन्ही बाजूंचे फोटो जोडलेत.'